पाण्यातून दिसणारा काठ

मुकुंदवाडी

आये,

तुझ्या सत्यशीलाचा पाया पडून नमस्कार. मी बरी आहे, जेवते वेळेवर. तुझा गुडघा कसाय? मेंढरं कातरून झाली का?

फोनवर विचारायला जीभ रेटंना, म्हणून लिहितेय. प्रदर्शनाला मी काढलेली आपल्या गोदाकाठची चित्रं ठेवली होती. मेंढरं धुणारे आबा, काठावर तू, तुझा पदर धरून पिवळ्या झबल्यातली मी. लोकांना लई आवडली. एक म्हातारी मात्र म्हणाली, "बाई, तू हे कुठं उभं राहून बघितलं?"

घरी येऊन बघते तर प्रत्येक चित्र नदीच्या मधून काढलेलं, डोळे पाण्याला टेकवून बघावं तसं. मला तर तू कधी पाण्यात पाय बुडवू दिला नाय. आता काठावरून काढायला बसले तरी हात तिकडंच जातो. आणि एकाही चित्रात तू माझ्याकडं बघत नाहीस, पाण्याकडं बघतेस.

नदीतल्या आसरा देवींना दहीभात ठेवताना तू दोन द्रोण ठेवायचीस, एक मोठा, दुसरा इवलासा. दुसरा कुणाचा विचारलं की मला पाण्यापासून मागं ओढायचीस.

काळजी करू नको, मी घाबरले नाय. एवढंच सांग, मी तर तुझ्याजवळ काठावर होते. मग मला आठवतंय ते बघितलं कुणी?

तुझी,
सत्या