करंगळीकडची दोन बोटं

१२ मार्च, बुधवार
दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं

प्रिय दादा,

आत्ता मी लॅबच्या मागच्या जिन्यावर बसलोय. मोटरसायकलवरून आणलेली रक्ताच्या नळ्यांची पेटी आत दिली, हातमोजे काढले आणि उजव्या हाताचं एकेक बोट अंगठ्याला टेकवून पाहिलं. चारही टेकली आणि चारही कळली. हे तुला लगेच सांगावंसं वाटलं. फोन केला असता, पण फोनवर हातांचा विषय निघाला की तुझ्या दारात नेमकं कुणीतरी येतं. दोनदा आलं. म्हणून पत्र. पुढची पेटी तयार व्हायला वेळ आहे, आणि तुझी मोजपट्टी (सगळं मोजून-मापून सांगतो म्हणून हे नाव तूच ठेवलंस, आता ऐकून घे) सगळं पहिल्यापासून सांगणार आहे. मधलं गाळून शेवट वाचू नकोस.

गेल्या उन्हाळ्यात मी तुझ्याकडे आलो होतो, तेव्हा मोटरसायकल पुसायच्या निमित्ताने तू मला खाली नेलंस. अर्धा तास गाडी चालवली की करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आपली राहत नाहीत, असं म्हणालास. आधी मुंग्या, मग काहीच नाही. क्लच दाबलाय की नाही हे आता हाताला कळत नाही, इंजिनाच्या आवाजावरून ओळखावं लागतं. "आप्पांचं असंच सुरू झालं होतं," तू म्हणालास, आणि घरात कुणाला कळता कामा नये, वहिनीला तर नाहीच, म्हणून माझ्याकडून शपथ घेतलीस. आप्पांचे हात कसे गेले ते आपण दोघांनी पाहिलंय. खुर्चीत गिऱ्हाईक, गालाला साबण लावलेला, आणि आप्पा वस्तरा घेऊन भिंतीकडे तोंड करून उभे. त्या दिवसानंतर आपल्याच दुकानात त्यांनी फक्त केर काढला. तू घाबरलास यात नवल नाही. मी तर तुझ्या दुप्पट घाबरलो. लोक सुतावरून स्वर्ग गाठतात, मी सुतावरून थेट दवाखाना गाठतो.

आणि मग थंडीत माझ्याही त्याच दोन बोटांना मुंग्या यायला लागल्या. तुला कळवलं नाही, कारण तू स्वतःचं सोडून माझी काळजी करत बसला असतास. हे घराण्याचं देणं आहे, दोघांच्याही वाट्याला आलंय, असं मी धरून चाललो. तू सांगितलेले सगळे उपाय मात्र केले. ग्रिपवर दुकानातल्या जुन्या टॉवेलच्या पट्ट्या गुंडाळल्या आणि तुझ्यासारख्याच सुतळीने बांधल्या. हात हलू नये म्हणून हातमोजे एक नंबर लहान घेतले. त्यांचा मनगटावरचा पट्टा जाईल तेवढा ओढला. बोटं कळेनाशी झाली की मूठ आणखी आवळायची, कारण न कळणाऱ्या हातातून हँडल निसटलं तर? एवढी काळजी घेऊनही दुखणं वाढतच गेलं. शेवटी एका सिग्नलला ब्रेक अर्धाच दाबला गेला आणि मी पुढच्या टेम्पोला जवळजवळ मिठी मारली. टेम्पोवाल्याने उतरून आपल्या मागच्या सात पिढ्यांची आस्थेने चौकशी केली.

त्या दिवशी मी ज्या इस्पितळात पेट्या देतो तिथल्या व्यायाम शिकवणाऱ्या बाईंना हात दाखवला. त्यांनी तळहाताच्या करंगळीकडच्या गादीवर अंगठा दाबला आणि माझ्या दोन्ही बोटांत झिणझिण्या गेल्या. मला वाटलं, आता त्या आप्पांचाच आजार सांगणार. त्या म्हणाल्या, गाडी कुठे लावलीय? पार्किंगमध्ये आल्या, मला रोजच्यासारखं बसायला लावलं आणि माझ्याभोवती एक फेरी मारली. "तुम्ही गाडी चालवता, की तिचा गळा दाबता?" असं त्यांनी विचारलं, आणि वॉचमनही हसला. मी नाही हसलो, पण तेव्हा छातीवरचा दगड थोडा सरकला.

त्यांनी समजावलं ते असं. त्या गादीखालून करंगळीकडची नस जाते. मी अंगाचा सगळा भार तळहातांवर टाकून बसतो, त्यामुळे ती हँडल आणि हाड यांच्यामध्ये चेपते, आणि वरून इंजिनाची थरथर. घट्ट हातमोजा आणि ओढलेला पट्टा म्हणजे दुखण्याला खतपाणी. टॉवेलच्या पट्ट्यांनी ग्रिप इतकी जाड झालीय की मूठ मिटायलाच जोर लागतो. क्लच आणि ब्रेकचे दांडे इतके वर की मनगट सारखं मागे मोडलेलं. दादा, आपण जे जे औषध म्हणून केलं ते सगळं दुखण्याच्याच बाजूने लढत होतं.

त्याच संध्याकाळी सुतळ्या कापल्या. गॅरेजच्या मिस्त्रीने दोन्ही दांडे पान्याने ढिले करून खाली फिरवले, हात सरळ लांबवला की बोटं आपोआप दांड्यावर पडतील इतके. हँडलच्या उजव्या टोकाचं, थरथर कमी करणारं वजन कधीचं पडून गेलं होतं, ते बसवलं. मऊ ग्रिप घातल्या, हातमोजे माझ्या मापाचे घेतले, तळव्यावर शिवण नसलेले. बसायचं कसं ते मात्र रोज शिकावं लागलं. गुडघ्यांनी टाकी धरायची, भार बुडावर आणि पोटाच्या स्नायूंवर घ्यायचा, कोपर थोडं वाकलेलं ठेवायचं, आणि सिग्नलला हात सोडून झटकायचे. बाजूचे लोक वेड्यासारखे बघतात, बघू देत. लांब जायचं असेल तर मध्ये उतरून दोन मिनिटं चालतो. मूठ सैल ठेवणं सगळ्यात अवघड. भीती वाटली की हात आपोआप आवळतो, आणि मला कधी भीती वाटत नाही?

तेव्हा मला तू आठवलास. फुग्याला साबण लावून त्यावरून वस्तरा फिरवायला आप्पांनी तुला शिकवलं होतं. पहिल्या दिवशी तू इतके फुगे फोडलेस की फटाके वाजतायत समजून शेजारीण कोण जन्मलं ते विचारायला आली. मग आप्पांनी तुझ्या मनगटाला नुसता हात लावला आणि म्हणाले, "त्याला धरू नकोस. हातात बसू दे." त्यानंतर एकही फुटला नाही. आपल्या घरात सगळ्यात हलका हात तुझा होता. मी त्या हाताची नक्कल करत गाडी चालवतो आणि मला बरं वाटतंय. अजून पूर्ण नाही, सकाळी थोड्या मुंग्या असतात, पण बोटं परत आलीत.

बाईंना तुझ्याबद्दल विचारलं. न बघता मी काही सांगणार नाही, असं त्या स्पष्ट म्हणाल्या. आप्पांना साखर होती, तर दोघांनीही रक्त तपासा, आणि दादाला घेऊन या. माझं आपल्याच लॅबमध्ये तपासलं. साखर ठीक निघाली. तुझं काहीही निघो, ते माहीत असलेलं बरं.

आता हे सगळं आजच का लिहिलं ते सांगतो. परवा वहिनीचा फोन आला होता. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि मग म्हणाली, "भाऊजी, मुलगी झाली म्हणून हे तिला घेत नाहीत का हो?" बाळ दोन महिन्यांचं झालं, तू पाळण्यापाशी तासन् तास उभा राहतोस, पण तिने पुढे केलं की हात खिशात घालतोस. शपथेमुळे मी गप्प बसलो, आणि माझं गप्प बसणं तिने हो धरलं. ती रडली, दादा. तुला आपल्या हातातून लेक पडेल याची भीती वाटते, हे तिला कसं कळणार? शपथ मी मोडणार नाही. तूच ती सोडव, आज, हे वाचून झाल्यावर लगेच. आणि मग पलंगावर भिंतीला पाठ टेकून बस, मांडीवर उशी घे. वहिनीला बाळ तुझ्या डाव्या हातावर ठेवू दे, डोकं कोपराच्या घडीत आणि अंग पुढच्या हातावर. मी इस्पितळातल्या नर्सला दोनदा विचारून खात्री केलीय. सगळा भार हातावर आणि उशीवर येतो, बोटांना काही कामच नसतं. ती मोकळीच राहतील, तर एक तिला दे. तिने ते धरलेलं तुला कळलं तर मला कळव. नाही कळलं तरी कळव, बाईंची वेळ मी घेऊन ठेवलीय, आणि तोपर्यंत लेक धरून राहील.

तुझाच,
मोजपट्टी