समोनचा कागदोपत्री नवरा

बँकॉक, ७ जानेवारी २००८

ती. समोनताईस,
धाकट्या ओराथायचा शि. सा. न.

तुझी सुक्या माशांची पिशवी पोचली. वासाने सगळी चाळ दारात गोळा झाली. नीनला सांग, पंधरा वर्षांच्या मुलीने मावशीला वर्षातून एकदा तरी फोन करावा.

आता बसून वाच. परराष्ट्र खात्याच्या कचेरीसमोर मी भाषांतराचं टेबल मांडल्याला नऊ वर्षं झाली, पण असा कागद कधी हातात आला नव्हता. आज लोएहून लामदुआन नावाची बाई आली. चाळिशीची आहे, शाळेत स्वयंपाक करते. नॉर्वेच्या माणसाशी लग्न करतेय. तो अविवाहित असल्याचं शपथपत्र तिला थाई भाषेत करून हवं होतं. नाव वाचलं आणि माझा हात थांबला. एगिल ब्राटन. जन्मतारीखही तीच. खाली शपथेवर लिहिलंय की थायलंडमध्ये आपलं पूर्वी कधी लग्न झालेलं नाही. ताई, तुमच्या लग्नाला साक्षीदार म्हणून सही मीच केली होती की!

शिक्का पुसट आलाय असं सांगून कागद ठेवून घेतलाय. त्याचं नाव थाईत कसं लिहायचं ते माझ्या हातात आहे. तुझ्या लग्नाच्या दाखल्यावर ‘एगिन ब्रातेन’ आहे. तसंच लिहिलं तर तालुका कचेरीच्या संगणकात तुझं लग्न सापडेल आणि अर्ज मुकाट्याने परत येईल. तसंच लिहू ना? लवकर कळव.

तुझी,
ओराथाय


नोंगखाय, ११ जानेवारी

चि. ओराथायला अ. आ.

मुळीच तसं लिहू नकोस. ‘एयिल ब्रोतेन’ लिही, आणखी काही लिही, पण त्या संगणकाला सापडेल असं लिहू नकोस. बाकी भाषांतर असं कर की एक मात्रा चुकायला नको. मला तो मुकाट्याने परत गेलेला नकोय. सरकारी अधिकाऱ्यासमोर बसून, ‘मला बायको नाही’ असं त्याने आपल्या हाताने लिहिलेलं हवंय. तो गुन्हा असतो, मी चौकशी केलीय.

तू म्हणशील, बारा वर्षं झाली, सोड. पूल ओलांडून लाओसमधून व्हिसा वाढवून आणतो, परवा येतो, असं सांगून तो गेला. तिसऱ्या दिवशी मी वाफवलेला मासा झाकून ठेवला होता. तेही जाऊ दे. नीन नऊ वर्षांची असताना तिच्या नॉर्वेच्या पासपोर्टसाठी बापाची एक सही हवी होती. तीन पत्रं पाठवली. तिसरं न फोडता परत आलं, पाकिटावर त्याच्याच अक्षरात ‘ओळखत नाही’. ते पाकीट नीनने माझ्या आधी वाचलं.

कोर्टात गेले असते तर केव्हाच मोकळी झाले असते, सगळ्यांनी सांगितलं. मी मुद्दामच गेले नाही. त्याची बायको म्हणून मी कुठेतरी नोंदलेली आहे, तेवढंच शस्त्र माझ्याजवळ होतं.

लग्नाची तारीख त्या बाईकडून काढून घे.

तुझं भलं चिंतणारी,
समोन


बँकॉक, २३ जानेवारी

ती. ताईस शि. सा. न.

तू सांगितलंस तसं केलं. कागदावर सरकारी शिक्काही बसला. चौदा फेब्रुवारी, सकाळी दहा, लोएची तालुका कचेरी. एवढं लिहून खरं तर पत्र संपवायला हवं.

पण ती लामदुआन मला ताई म्हणते गं. घरून केळी घेऊन आली होती. आईला दिसत नाही, म्हणून लग्नाचं कापड तिने हाताने चाचपून निवडलं, असं सांगत होती. मी तिच्याकडे बघून हसले आणि तारीख विचारली. शाळेत तू माझ्यासाठी दुसऱ्यांची डोकी फोडायचीस, तेव्हा मला फार आनंद व्हायचा. या वेळी तो होत नाही. तिने आपलं काय बिघडवलंय? अजून वेळ आहे, तिला कानात सांगू का?

रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.

तुझी,
ओराथाय


नोंगखाय, १६ फेब्रुवारी

चि. ओराथायला अ. आ.

तुझ्या पत्राला उत्तर दिलं नाही, कारण ते नाही असंच होतं.

मी साडेनऊलाच जाऊन मागच्या बाकावर बसले. तो म्हातारा झालाय, कानात यंत्र आहे. अधिकाऱ्याने विचारलं, आधीचं लग्न? दुभाष्याने त्याच्या कानाशी मोठ्याने सांगितलं. तो हसून नाही म्हणाला आणि सही केली. शाई वाळेपर्यंत मी थांबले. मग उठले आणि माझा दाखला टेबलावर ठेवला.

त्याने मला लगेच ओळखलं. थाईतच म्हणाला, समोन, बारीक झालीस. मी म्हटलं, व्हिसाची रांग फारच लांब होती वाटतं, बारा वर्षं लागली? अधिकारीसुद्धा हसला आणि मग त्याने पोलिसांना फोन लावला. खटला होईल. पासपोर्ट ठेवून घेतलाय, त्याला आता देश सोडता येणार नाही.

मग एगिल हात जोडून म्हणाला, घटस्फोटावर सही कर. मी त्याला सांगितलं, मी जिवंत असेपर्यंत तू माझा नवरा आहेस. सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. ओराथाय, बारा वर्षांत मला इतकी भूक लागली नव्हती. बाहेर येऊन दोन माणसांचं जेवले.

लामदुआन रडली नाही. तिने एवढंच विचारलं, ताई, वेळ तुम्हाला कोणी सांगितली? मी दाखल्याची घडी घातली. ती आईचा हात धरून पायऱ्या उतरली.

तुझं भलं चिंतणारी,
समोन


लोए, २ जून

सौ. समोनताई ब्राटन यांस,
लामदुआनचा सा. न. वि. वि.

पत्राचं आश्चर्य वाटेल. मलाही लिहिताना वाटतंय. चार महिने मी तुमच्यावर आणि बँकॉकच्या तुमच्या बहिणीवर जळत होते. तुमच्या लग्नाच्या दाखल्यावर साक्षीदार म्हणून त्यांचीच सही दिसली. पहिल्याच दिवशी त्यांनी मला एक शब्द सांगितला असता, तर मी स्वतः त्या माणसाला हाकललं असतं, आणि भर कचेरीत माझी आई लोकांचं हसणं ऐकत उभी राहिली नसती. आता राग तितका उरलेला नाही. का, ते पुढे लिहिते.

गेल्या महिन्यात एगिल भाड्याच्या खोलीत पडला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. दवाखान्याने मला बोलावलं, कारण त्याच्या खिशात माझा नंबर होता. आता ते घरी न्या म्हणतात. मी खरं तेच सांगितलं, की कागदावर मी याची कोणी नाही. बायको हयात आहे, नोंगखायला असते, आणि जिवंत असेपर्यंत याला सोडणार नाही असं तालुक्यासमोर बोललीय. तुमच्या दाखल्याची नक्कल खटल्याच्या कागदांत होतीच. ती दाखवल्यावर त्यांनी काही विचारलं नाही. लगेच तुमचा पत्ता लिहून घेतला.

गुरुवारी सकाळी त्याला घेऊन दवाखान्याची गाडी निघेल, दुपारपर्यंत तुमच्या दारात येईल. त्याला पातळ पेज लागते, ती डाव्या गालात चमच्याने घालायची. दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. माणूस जड आहे, एकटीला उचलवत नाही. मुलीची मदत घ्या. डॉक्टर म्हणतात, हृदय उत्तम आहे, पुष्कळ वर्षं काढेल.

लोभ असावा असं लिहिण्याइतकं आपलं नातं नाही. गाडीवाल्याजवळ एक कागद दिलाय. त्यावर ‘पत्नी’ असं लिहिलंय, त्या शब्दासमोर तेवढी सही करून द्या.

आपली कोणीही नसलेली,
लामदुआन