बनुबाई पार्टे, व्यवसाय शेती

नाते येथील दोन एकर सात गुंठे भातशेत खरे कितीला पडले ते आधी लिहितो: माझी मुंबईतली अकरा वर्षे, बनुबाईच्या त्रेपन्न लावण्या, आणि चिखलात मोडून वाकडा जुळलेला तिचा डावा घोटा. खरेदीखतावर नाव मात्र माझ्या एकट्याचे.

मी, भिकाजी रावजी पार्टे, वय एक्याऐंशी, राहणार नाते, तालुका महाड, हे माझ्या मर्जीने लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर असल्याचे डॉक्टरांनी तपासले. बनुबाईला शंका आहे, पण ती लग्नापासूनची आहे.

१. महाडच्या बाजारपेठेतले टायपिंग व झेरॉक्सचे दुकान मुलगा राजेश याला. ते बसून चालते.

२. वरील स्वकष्टार्जित शेत, राहते घर व बँकेतली ठेव पत्नी बनुबाई हिला, पूर्ण मालकीने. विकायचे, पिकवायचे की पड टाकायचे, तिने ठरवावे. वकिलांनी तिच्या नावापुढे 'गृहिणी' घातले होते. मी खोडायला लावले.

३. कारण सांगतो. गेल्या महिन्यात राजेश पडवीत फोनवर एमआयडीसीतल्या कोणा गोदामवाल्याशी शेत विकायचे बोलत होता. मी डोळे मिटले होते, कान नव्हे. "आईला काय विचारायचं? ती घरीच असते. म्हातारा गेला की सही माझीच." बनुबाई तांदूळ पाखडत होती. म्हणाली, "मंग भात कोण लावत होता रे? तुझ्या बापाची मशीन?" तो हसला. "तू मदत करायचीस गो, आई." मदत! तेव्हाच उठून त्याच्या कानाखाली द्यायला हवी होती. गुडघ्यांनी ऐकले नाही, म्हणून हा कागद.

४. ती मशीन. १९७१ च्या जनगणनेची कार्डे भोके पाडून देणाऱ्या मुंबईतल्या एका पेढीत मी होतो. गणनेवाल्यांनी भरलेली माणशी एक चिठ्ठी, चिठ्ठीवरच्या आकड्यांवरून एक कार्ड. वय, लग्न, काम, ज्याचे त्याचे भोक ठरलेल्या जागी. पुढे मोठे यंत्र ती भोके मोजी. तीस मशीनच्या खडखडाटात कोणाचे बोट चुकले ते मी आवाजावरून सांगत असे. दुसरा माणूस चिठ्ठी पाहून प्रत्येक कार्ड तपासी. माझे एकही कधी चुकीचे निघाले नाही. हे ऐकवतच राजेशला वाढवला. पेढी बुडाली तेव्हा उचलून आणलेले ते हातयंत्र भंगारात द्यावे.

५. राजेशने यावर दावा लावल्यास दुकानही बनुबाईचे.

ठिकाण: महाड. दिनांक: ९ फेब्रुवारी २०२६.
(सही) भिकाजी रावजी पार्टे
साक्षीदार: (सही) अजमल मुकादम, ट्रकमालक, महाड, (सही) डॉ. अनुपमा शेठ, महाड.

पुरवणी, त्याच बैठकीत, बाजूला तिघांच्या पुन्हा सह्या घेऊन:

अजमलभाईंनी वाचून विचारले, "सगळा राग पोरावरच काय, भिकूशेठ? मला सांगितलंत ते पण लिहा की." लिहितो. आमच्या नाते गावच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा माझ्याच टेबलावर आला होता. त्यात बनुबाईची चिठ्ठी होती. घर सांभाळून शेतात राबणारी बाई गणनेत 'काम न करणारी' धरली जाई. तिच्या चिठ्ठीवर कामापुढे त्याचाच आकडा होता. मी हात थांबवला नाही. तपासणीत ते कार्ड बरोबर ठरले.