एका वेळी एकच मोटर

पिंप्राळा, जळगाव

प्रिय भटू,

आजीचे पोटभर आशीर्वाद. अक्षर वाकडंतिकडं आहे, सांभाळून वाच. दुसऱ्या कोणाला लिहायला बसवलं असतं तर त्याने मला मध्येच थांबवलं असतं, आणि आज मला थांबायचं नाही.

तू धुळ्याच्या दुकानाला कुलूप लावून सुरतेला नोकरीला जाणार, असं प्रमिलाने सांगितलं. काम येतं, पण वेळच पुरत नाही, लोक दारात येऊन शिव्या देतात, असं तूच म्हणालास म्हणे तिला, आपल्या बहिणीला. हातातला घास ताटात ठेवून मी कागद मागितला. पण आधी इथलं सांगते, नाहीतर विसरेन. प्रमिलाच्या लेकाला, माझ्या पणतूला, दात येताहेत, जे दिसेल ते चावतो, परवा माझी काठी चावली.

हां, तर जावईबापूंचं, प्रमिलाच्या नवऱ्याचं दुकान. पितांबररावही तुझ्यासारख्याच जळालेल्या मोटरी नव्या तारेने भरतात. मला वाटलं, इथेही तुझ्यासारखीच जत्रा असेल. पाहिलंय ना मी. गिऱ्हाईक दुसरीकडे जाऊ नये म्हणून तू आल्या आल्या त्याची मोटर खोलून ठेवतोस. मग सगळ्यांची आतडी जमिनीवर, एकीचे नट दुसरीत, आणि जो येईल त्याच्यासोबत हातातलं टाकून चहा. आलेल्या माणसाला कोरडं पाठवायचं तरी कसं, तेही खरंच.

इथे एका वेळी एकच मोटर उघडी. बाकीच्या भिंतीला लागून गोणपाटाखाली गप्प. वीज गेली तरी पितांबरराव कपाळाला हात लावत नाहीत. तारेची वेटोळी हातानेच भरायची ना, ती तेव्हा भरतात. वीज आली की मोटर चालवून बघायचं काम. आणि वार्निश पाजून मोटर उन्हात ठेवली की ती वाळेपर्यंत बाहेर येऊन बसतात, सगळ्यांशी बोलतात, चहा घेतात. घाई म्हणून दिसत नाही कुठे. भाकरी तव्यावर असताना तिच्यासाठीच निखारे पुढे ओढावेत, तसं रे सगळं! मी तोंडावर पदर धरून बघतच राहिले.

एरवी दाराबाहेर बाजेवर त्यांचे वडील बसतात, आलेल्याला तिथेच थोपवायला. ते पाचोऱ्याला लग्नाला गेले, आणि ती जागा मिळाली मला! चोपड्याकडचे तोतारामभाऊ, केळीला पाणी देणारी त्यांची मोटर जळालेली, तावातावाने आले, "मनी केळ वाळी ऱ्हायनी, माले आत जाऊ द्या!" मी काठी आडवी धरली. म्हटलं, आत गेलात तर हातातलं काम सुटेल आणि तुमचंच लांबेल, बसा. तर म्हणतात, "आजीबाई, तुम्ही पोलीस शेत का?" म्हटलं, मी कसली पोलीस? पोलीस कधी चहा पाजतो का, भाऊ? हसले. मग जी बैठक जमली! केळी, सोयरीक, सुनेची गाऱ्हाणी, सगळं बठ्ठं झालं. आत एक हाक गेली नाही.

सांगितलेल्या संध्याकाळी त्यांची मोटर विजेला जोडली. कोळसा झाली होती रे ती, मी स्वतः पाहिली होती. बटण दाबलं आणि घुमायला लागली, गुळगुळीत, मांजर मांडीवर घुरघुरावं तशी. कोणी बघत नाही असं पाहून मी हात जोडले. तोतारामभाऊंनीही जोडले, ते मी पाहिलं. मेलेल्या वस्तूत जीव घालायचा, आणि तोही सांगितल्या वेळेला! आणि हाच हात तर तुझ्याकडेही आहे, लेकरा. फक्त त्या हाताला कोणी सुखाने काम करू देत नाही.

म्हणून हा कागद. सुरतवाल्यांना कळव, महिनाभर थांबा. मंगळवारच्या सकाळच्या एसटीने मी धुळ्याला येते. दारात बसायला तुझं म्हणून कोणी नाही, मी बसेन. चहा मी पाजेन, शिव्याही मीच खाईन, आणि परतही देईन. तू फक्त एक मोटर उघड; ती फिरेपर्यंत दुसरीला हात लावायचा नाही. महिन्यानंतरही सुरतच म्हणालास तर मीच तुझी पिशवी भरून देईन. आणि मला घ्यायला स्टँडवर येऊ नकोस. हातातलं काम टाकून आलेला दिसलास तर त्याच गाडीने माघारी फिरेन. मला तोंड आहे, विचारत विचारत येईन.

तुझीच,
भिकुबाई आजी