हातभर खालचे शिंपले

दारव्हा, ६ मे

प्रिय जया,

चार वर्षांनी मॅडमचं पत्र, तेही टपालाने, म्हणून आधी घाबरशील आणि मग माझं अक्षर बघून हसशील. हस. फोनवर मला हे जमलं नसतं. हवापाण्याचं बोलून मी फोन ठेवला असता. अठरा तारखेला तुमच्या तांड्याखालच्या नाल्यात खोलीकरणाचं पोकलेन उतरणार आहे. त्याचा दात पाच फूट खाली जातो. आणि चार वर्षांपूर्वीच्या आपल्या पाहणीचा माझ्या सहीचा अहवाल सांगतो, की त्या डोहात जिवंत शिंपला एकही नाही.

आहेत ग. मागच्या आठवड्यात तांड्यावर गेले होते. लालीबाई, तुझी आई, नातवाला शिंपल्याने दूध पाजत होती. शिंपला अगदी ताजा. कुठला म्हणून विचारलं, तर मला हाताला धरून डोहाच्या आटलेल्या काठावर घेऊन गेली. विळ्याचं टोक चिखलात खुपसत चालली, खट् वाजलं तिथे बसली आणि कोपरापर्यंत हात घालून एक बाहेर काढला. घट्ट मिटलेला, जड, जिवंत. "उन्हाळ्यात हे वर कायले राहतीन बाई? तुमाले तवाच सांगतलं होतं," म्हणाली.

खरंच सांगितलं होतं. पण पाहणीत आपण चिखलावर लोखंडी चौकट टाकून तिच्या आत मनगटाएवढंच खोल चाचपत होतो, कारण मी तसंच शिकले होते. काठावरच्या गोगलगायी उन्हाळ्यात तोंडाला पापुद्रा लावून झोपतात, हे मीच तुम्हाला फळ्यावर चित्र काढून शिकवलं होतं. शिंपल्यांच्या बाबतीत मात्र माझी अक्कल चौकटीबाहेर गेली नाही.

आता कुठेही वळले तरी वाट बंद आहे. प्राचार्य म्हणतात, जुलैत तुमची कायम नेमणूक व्हायची आहे, त्याच फाइलला हा अहवाल जोडलाय. सतरा वर्षं मी तासिकांवर काढली आहेत, जया. घरी श्रीकृष्ण म्हणतो, चुका सगळ्यांच्या होतात, गप्प बस. नवऱ्याची काळजी खोटी नाही, म्हणून त्याच्यावर चिडताही येत नाही. आणि तुझा भाऊ सुनील भर बाजारात म्हणाला, "मॅडम, तुमच्यामुयेच काम मंजूर झालं." मी नुसतं हसले. तांड्याला पाणी हवंच आहे, त्याच्याशी माझं भांडण नाही. डोहाची पन्नास पावलं तेवढी सोडा, एवढंच मला म्हणायचं आहे. पण ते म्हणायचं तर आधी माझा अहवाल खोटा म्हणावा लागतो.

पण अहवाल खोटा म्हणणं हे अर्धंच आहे. तुझी त्या वेळची वही माझ्या कपाटात आहे. चौकटी संपल्यावर तू एकटीने, आईसारखा हात घालून, अकरा जिवंत शिंपले काढलेस, मापं लिहिलीस आणि परत पुरलेस. ते पान मी लाल शाईने खोडलं आणि सगळ्या वर्गासमोर म्हणाले, तांड्यातलं शहाणपण इथे चालत नाही. दुसऱ्या दिवसापासून तू आली नाहीस. तुझी एमएस्सी सुटली, आणि मी लोकांना सांगत राहिले, की तुझं लग्न ठरलं असेल. मला फार लाज वाटते. चौदा तारखेला ते पान आणि माझी लेखी कबुली घेऊन मी यवतमाळला जिल्हाधिकारी कार्यालयात जाते आहे. नेमणुकीचं काय व्हायचं ते होवो. खोडणारी मी, हे लिहून झालंय. नोंद करणारीची जागा रिकामी आहे. तिथे तुझं नाव लिहू का? सुनीलला आवडणार नाही, तुलाही घरचे चार शब्द ऐकावे लागतील. नको म्हणालीस तर ती जागा कोरी ठेवीन, पण माझं नाव तिथे घालणार नाही.

तुझीच,
अनघा