नकाशातली भिंत

९ नोव्हेंबर १९८६, रविवार
दोन्ही गुडघे सोलले. पँट फाटली. सौ. बोलत नाही. तरी दिवस चांगला गेला.
डोंगरातली गुहा एकदाची पाहिली. अठरा वर्षं नववीला 'अधोमुखी लवणस्तंभ' फळ्यावर काढून दाखवतो आहे, स्वतः एकही पाहिलेला नव्हता. पुस्तकात ते फक्त चुनखडकात. आपला खडक काळा, बेसाल्ट. पण आत छताला बोटाएवढे पांढरे सात लोंबत होते, प्रत्येकाच्या टोकाला थेंब. काळ्या खडकातही थोडा चुना असतोच, तो पाण्याबरोबर उतरतो. वर्गात सांगायची सोय नाही, परीक्षेत 'चुनखडक' लिहिलं नाही तर गुण जातात.
वाट जान्या वरठाने दाखवली. डोंगराखालच्या पाड्यावरचा, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा. शाळेच्या कुंपणाच्या कामावर आला होता, तेव्हाची ओळख. मला 'तू' म्हणतो. त्याच्याकडे सगळ्यांनाच तू, उद्या कलेक्टर आला तरी.

१६ नोव्हें.
मोजमाप सुरू. टेप अंधारात वाचता येत नाही आणि टॉर्च धरायला तिसरा हात नाही. म्हणून लूमवरच्या टाकाऊ सुताची दोरी वळून घेतली, दर फुटाला गाठ, दर दहा फुटांना दुहेरी. बोटांनी मोजायचं. भिवंडीत राहण्याचा एवढा तरी फायदा.
पहिलं दालन ४२ फू. मग उजवीकडे वळण, १९ फू., वाकून. मग चिंचोळी फट. तिथे जान्या थांबला, हातातली पेटती चूड खाली केली.
"मास्तर, इथून पुढं देव हाय. तुझं काम इथवर."
म्हटलं, हात लावणार नाही, नुसतं डोकावतो. त्याने नाही म्हणून मान हलवली. मग माझ्या वहीकडे बघून म्हणाला, "कागदावर बी न्हाय."
कबूल केलं. वाईट वाटलं हे खरं. भूगोलाच्या माणसाला फटीपासून परत पाठवायचं म्हणजे भरल्या ताटावरून उठवायचं.

१४ मे १९८७
उन्हाने जीव गेला. आत मात्र गार. सातही लवणस्तंभ मोजले. सहा महिन्यांत वाढ: काही नाही. मु.अ. विचारत होते, तुमच्या संशोधनाची प्रगती काय. म्हटलं, हजार वर्षांनी कळवतो.
जान्याला विचारलं, ही गुहा झाली कशी. "व्हती," म्हणाला. मी त्याला लाव्ह्याचे दोन थर, मधली लाल माती, ती पाण्याने वाहून गेली, असं सगळं सांगितलं. शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, तेच, व्हती.

२२ जानेवारी १९८९
नकाशा पुरा. शाळेच्या वार्षिकात छापायचा. शाईचं काम चित्रकलेच्या अन्सारी सरांकडे. हात फार सुबक, स्वभाव त्याहून. फटीपाशी दोन्ही रेषा मी उघड्या सोडल्या होत्या. ते म्हणाले, "सर, इधर खुला क्यूँ छोड़ा? अधूरा दिखता है."
सांगितलं की पुढचं आपलं नाही. ते म्हणाले, तो फिर दीवार बना देता हूँ. एक रेघ मारली. गुहा बंद.
मीही हो म्हटलं. बरंच झालं, आता कोणी विचारणार नाही.

५ मार्च १९८९
वार्षिक छापून आलं. एक प्रत जान्याला नेऊन दिली. त्याने नकाशा उलटा धरला, सुलटा धरला, मग तोंडाशी असलेलं करवंदीचं जाळं बरोबर ओळखलं. वाचता येत नाही, पण नकाशा कळतो. माझे नववीचे निम्मे विद्यार्थी याच्या उलट. भिंतीवर बोट ठेवून हसला. "बरं केलंस," म्हणाला. त्याच्या बायकोने कुडाच्या भिंतीला अडकवून ठेवलं.
दिवसभर खूश होतो.

२ मे १९९१
गुहेच्या तोंडाशी आग्या मोहोळ. जान्याने लांबूनच परत फिरवलं. त्याच्या अंगणात बसून कैरी खाल्ली. एकही फूट न मोजता परत.

११ जानेवारी १९९४
तलाठ्याच्या फळ्यावर नोटीस. डोंगर खडीच्या खाणीला मागितला आहे. काल्हेर-कशेळीकडे गोदामांवर गोदामं उठताहेत, त्यांना खडी पाहिजे. पाड्याने हरकत घेतली आहे की डोंगरात आमचा देव आहे, सुरुंग लावू नका. सुनावणी २४ तारखेला, प्रांतसाहेबांपुढे.
जान्याने निरोप धाडला, मास्तरला ये म्हणावं, तो शिकलेला हाय.
जाणारच. या कामी तरी भूगोल उपयोगी पडू दे.

२४ जानेवारी
लिहवत नाही, तरी लिहितो.
पाड्यावरची वीस-पंचवीस माणसं आली होती, बाया धरून. सगळी भिंतीला टेकून जमिनीवर. मला खुर्ची. खाणवाल्यांच्या वकिलाने पिशवीतून शाळेचं वार्षिक काढून साहेबांच्या टेबलावर ठेवलं. कुठून मिळालं, देव जाणे. आपणच तर गावभर वाटलं होतं.
नकाशा आपलाच ना, सर? म्हटलं, माझाच. गुहा कुठे संपते? बोट त्यांनीच ठेवलं, भिंतीवर.
मी म्हटलं, तिथे भिंत नाही. छापताना रेघ मारली गेली. वकील हसले नाहीत, हे त्यांचं कौशल्य. साहेबांनीच विचारलं, मग पलीकडे काय आहे? म्हटलं, यांचा देव आहे.
"आपण स्वतः पाहिलात?"
पंचवीस वर्षं मुलांना खरं बोला म्हणून छड्या मारल्या. तोंडातून दुसरं काही निघेना. नाही म्हणालो.
साहेब म्हणाले, पाहणीला येतो. पाड्याने नाही म्हटलं, बाहेरच्याला आत सोडत नाहीत. मग पुढची तारीख, २१ फेब्रु. सुधारित नकाशा असेल तर आणा, आणि पाहिलेला साक्षीदार असेल तर तोही. पाड्याबाहेरचा, हे वकिलांनी जोडून घेतलं.
बाहेर जान्या रागावला नाही. एवढंच म्हणाला, "तू न्हाय बोललास."
रागावला असता तर बरं झालं असतं.

३० जानेवारी, रविवार
पाड्यावर गेलो. जान्या घरी नव्हता, किंवा होता. त्याच्या बायकोने पाणी दिलं, बस म्हणाली नाही. कुडावर वार्षिक दिसलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

६ फेब्रुवारी
सौ. म्हणते, एवढं काय, अंदाजाने काढा एक खोली आणि लिहा देव म्हणून. देव आहेच ना तिथे? तिचं चुकत नाही. दुपारभर कागद पुढे घेऊन बसलो. फटीपुढे वाटोळं दालन काढलं, १५ फू. लिहिलंसुद्धा. आधी खोटी भिंत, आता खोटं दालन, आणि हा माणूस नववीला प्रमाणबद्ध नकाशाचं महत्त्व शिकवणार. खोडून टाकलं.
स्वतःचीच चीड येते. वचन पाळलं म्हणून तोऱ्यात होतो. वचन उघड्या रेषांनीही पाळलं जात होतं. भिंत नीटनेटकेपणासाठी घातली.

१० फेब्रुवारी
अन्सारी सर मधल्या सुट्टीत आले. मूळ ट्रेसिंग त्यांनी पाच वर्षं जपून ठेवलं होतं, सोबत अर्धं ब्लेड. म्हणाले, "दीवार मैंने बनाई थी, मैं ही निकालता हूँ." टीचर्स रूममध्ये बसून ब्लेडने शाई खरवडली, कागद न फाटू देता. वीस मिनिटं लागली. तास बुडाला, मु.अ.ही बघून गेले.
मग ब्लेड कागदात गुंडाळत विचारलं, इसके आगे क्या बनाऊँ? म्हटलं, मला ठाऊक नाही.
जरा बरं वाटलं, पण खरवडलेला कागद साहेबांपुढे काय सिद्ध करणार? उलट वकिलांचं फावेल.

१७ फेब्रुवारी, गुरुवार
शाळेतून आलो तर जान्या आमच्या दारात. साडेसात वर्षांत पहिल्यांदाच घरी आला. धामणकर नाक्यावर उतरून विचारत विचारत आला म्हणे. खुर्चीवर बसला नाही, लादीवर बसला, म्हणून मीही लादीवर. सौ.ने चहा आणि पोहे दिले. शेजारच्या कारखान्यात लूम चालू, मोठ्याने बोलावं लागत होतं, आणि हे असलं बोलणं.
पाडा तीन दिवस बसला होता. भगताने देवाचा कौल घ्यायला तांदूळ टाकून पाहिले. ठरलं ते असं: बाहेरच्या एका माणसाला आत न्यायचं, त्याने बघायचं आणि साहेबाला सांगायचं. माणूस म्हणजे मी.
विचारलं, माझ्यावर अजून भरवसा आहे का. म्हणाला, खोटं बोलता आलं असतं तरी तू न्हाय म्हणालास, म्हणून तुझंच नाव निघालं.
नंतर कागदाचं विचारलं. साहेबांना नकाशा पाहिजे. त्याने बशी खाली ठेवली.
"म्हातारी मानसं सांगतात, कागदावर आला त देव तिथं ऱ्हात न्हाय. डोंगर वाचंल. देव जाईल."
"आणि नाही काढला तर?"
"त डोंगर बी जाईल."
म्हटलं, जान्यादादा, मग मी काय करू?
"ते तुझं तू बघ. कागदाचं आमचं ठरंना. पन आत बघून साहेबाला सांग."
त्याला रिक्षापर्यंत सोडून आलो. उद्या शाळा आहे, परवा शनिवार, सकाळच्या पहिल्या एस.टी.ने निघायचं. जान्या पाड्यावर थांबणार आहे.
इतकी वर्षं त्या फटीपलीकडे जायची हाव होती. आज बोलावणं आलं आणि मनात पहिलं हेच आलं की उद्या ताप भरावा. लाज वाटली. जाणार आहे.
सोमवारी साहेब विचारतील, पाहिलंत का. हो म्हणेन. त्यानंतर ते काय मागतील, तेही ठाऊक आहे.