खिशातला कागद

अकोला,
८ सप्टेंबर १९६४

ती. ललिताताईस,
शि. सा. जयभीम.

नागपुरात पाच वर्षं पुस्तकं घोकली, पण इथल्या इस्पितळात हाऊसमन म्हणून लागून दीड महिना झाला आणि रोज वाटतं, मला काहीच येत नाही. तू तिकडे बारा वर्षं नर्स आहेस, तुझ्याशिवाय कुणाला सांगू? राजीनामा लिहून खिशात ठेवलाय. बाबांना एवढ्यात कळवू नको.

काल पहाटे बार्शीटाकळीच्या कौशल्याबाईंना मण्यार चावली. विषावरची लस दिली, तरी श्वास थांबला. भुलीच्या डॉक्टरांनी घशात नळी घातली आणि तिला जोडलेली रबरी पिशवी आम्हा तिघा नव्या डॉक्टरांच्या हाती दिली. मिनिटाला सोळा वेळा दाबा, थांबलात की बाई गेली, एवढं शिकवून ते ऑपरेशनला गेले. तेव्हापासून पाळीपाळीने दाबून राहिलो. बाईंची पापणी उघडत नाही, बोट हलत नाही. नवरा सहदेव विचारत होता, सोयऱ्यायले सांगावा धाडू काय. मी खाटेशी उभं राहूनच म्हटलं की धाडा, आशा कमी आहे.

पाळी आली, थांबतो. तुझा लोभ आहे तसाच असू दे.

तुझा,
धर्मपाल

अमरावती,
९ सप्टेंबर १९६४

चि. धर्मपाल यास अनेक आशीर्वाद.

पत्र ड्यूटीवर वाचलं आणि असा संताप आला की विचारू नको. अरे, मण्यारीने अंग लुळं पडतं, कान नाही! बाई सगळं ऐकत असेल आणि तू तिच्या उशाशी सोयरे बोलावतोस? आमच्या वॉर्डातली जयवंता अशीच पडून होती. बरी झाल्यावर कोण काय बोललं ते तिने सगळं सांगितलं. त्यात माझंही एक वाक्य होतं. आजही आठवलं की मान खाली जाते.

आता पिशवी दाबताना बोलत जा. सकाळ झाली, सहदेवने चहा घेतला, काहीही सांग. लहानपणी तुझं तोंड क्षणभर बंद नसायचं, ते कामी येऊ दे. राजीनाम्याचं नंतर बघू. माझ्याही जिवाला घोर लागलाय, दोन ओळींचं कार्ड तरी टाक. प्रकृतीला जप.

तुझी,
ताई

अकोला,
१५ सप्टेंबर १९६४

ती. ताईस,
शि. सा. जयभीम.

तुझं पत्र गुरुवारी मिळालं आणि लगेच बोलायला लागलो. बाकीचे दोघं हसले. पाऊसपाणी, ज्वारी, सहदेवचं न जेवणं, सगळं दोन तासांत संपलं. मग आपल्या घरचं सांगत सुटलो. बाबांचं कापसाच्या जिनिंगमधलं काम, लहानपणी तुझ्या हातचा खाल्लेला मार. शेवटी हेही बोलून गेलो की बाई, मला फार भेव वाटतं, राजीनामा खिशातच आहे, तुम्ही जगला नाहीत तर तो देऊन टाकीन. बोललो आणि जीभ चावली. आजाऱ्यावर आपलं ओझं टाकतात का?

शनिवारी पापणी हलली. रविवारी बाई स्वतः श्वास घ्यायला लागल्या. सहदेव रडला, आम्ही तिघंही रडलो. काल नळी काढली. आवाज पार बसलाय, पण खुणेने मला जवळ बोलावलं आणि म्हणाल्या, मी त जगली नं डाक्टर, आता तो खिशातला कागद फाडा.

त्यांच्यासमोरच फाडला. बाबांना आता सगळं सांग.

तुझा,
धर्मपाल